ब्रिटनच्या लोट्टोचा जॅकपॉट कसा वाढतो आणि कोणाला लागतो

विचारलेलं थोडक्यात असं: भाचा लेस्टरला नोकरीला आहे. दर शनिवारी नॅशनल लॉटरीच्या लोट्टोचं एक तिकीट घेतो. या वेळी 'चार सोडती झाल्या, जॅकपॉट कोणालाच लागला नाही, म्हणजे आता लागणारच' असं म्हणत त्याने एकदम दहा ओळी घेतल्या (सहा आकड्यांची एक निवड म्हणजे एक ओळ). हा खेळ नक्की कसा चालतो, पूर्वी 49 आकडे होते ते 59 का केले, सांगलीत बसून तिकीट काढता येतं का, आणि 'तुमचा ईमेल पत्ता ब्रिटिश लॉटरीत निवडला गेला आहे' अशी मेल आली आहे तिचं काय करायचं?

मेलचं आधी सांगते. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल, पण हे आत्ता वाचा. ती मेल शंभर टक्के खोटी आहे. ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीत ईमेल पत्त्यांची किंवा मोबाइल नंबरांची सोडत निघतच नाही. ज्याने तिकीट घेतलं नाही त्याला बक्षीस लागत नाही, आणि बक्षीस मिळण्यासाठी कोणालाही आधी पैसे भरावे लागत नाहीत. माझ्या मावशीच्या यजमानांना अशीच मेल आली होती. निवृत्त शिक्षक, आयुष्यभर एक रुपया उधळला नाही. आधी 'प्रक्रिया शुल्क', मग 'कस्टम', मग 'आयकराचं प्रमाणपत्र' असं करत करत तीन हप्त्यांत त्यांची मुदत ठेव गेली. प्रत्येक हप्त्यानंतर पुढचा भरण्याचं कारण एकच, की आधीचे बुडू नयेत. तुम्ही काही भरलं असेल तर आजच बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. भरलं नसेल तर मेलला उत्तरही देऊ नका.

सांगलीहून तिकीट काढायचं म्हणाल तर नाही. नॅशनल लॉटरीचं ऑनलाइन खातं उघडायला तिथलं वास्तव्य आणि तिथलंच बँक खातं लागतं. आपल्या बाजूनेही परकीय चलन कायद्याखालच्या 2000 सालच्या नियमांत लॉटरीच्या तिकिटासाठी भारताबाहेर पैसे पाठवायला मनाई आहे. 'आम्ही तुमच्यासाठी परदेशी लॉटरी खेळतो' म्हणणाऱ्या वेबसाइटवर कार्डाचा नंबर टाकण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

आता खेळाकडे येते. मी 1993 साली पुण्याहून लीड्सला शिकायला आले आणि पुढे अ‍ॅक्च्युअरी झाले. कोणाला काय आणि किती वेळा होऊ शकतं याचा हिशोब करणं हेच गेली जवळजवळ तीस वर्षं माझं काम आहे. पण लोट्टोशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. विद्यार्थी असताना शनिवार-रविवार मी एका गुजराती कुटुंबाच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहायचे, आणि 1994 च्या हिवाळ्यात त्याच गल्ल्याशेजारी लॉटरीचं यंत्र येऊन बसलं. पहिली सोडत 19 नोव्हेंबर 1994 ला, शनिवारी. टीव्हीवर सूत्रसंचालक नोएल एडमंड्स होते. दुकानात त्या संध्याकाळी दूध आणि पाव घ्यायला आलेली माणसंही रांगेत उभी राहून एक तिकीट घेऊन गेली.

पहिल्या दिवसापासून खेळाचा गाभा एकच आहे: ठरावीक आकड्यांतून सहा निवडायचे. तेव्हा 1 ते 49 होते, तिकीट एका पौंडाचं. सहाही जुळले तर जॅकपॉट. सहा चेंडू निघाल्यावर एक सातवा, बोनस चेंडू काढतात. तो जॅकपॉटसाठी नाही. ज्यांचे पाच जुळले त्यांच्यातल्या काहींना तो वरच्या बक्षिसापर्यंत नेतो. आपल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीपेक्षा हे मुळातच वेगळं आहे. 1969 पासून चालत आलेल्या आपल्या लॉटरीत मालिका आणि क्रमांक तिकिटावर आधीच छापलेला असतो, आणि पहिलं बक्षीस किती तेही त्यावरच लिहिलेलं असतं. लोट्टोत आकडे खेळणारा निवडतो. त्यामुळे तेच सहा आकडे एकाच वेळी शंभर जणांकडे असू शकतात आणि एकाकडेही नसू शकतात. जॅकपॉटचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघतो.

49 मधून सहा आकडे किती प्रकारे निवडता येतात? 49 × 48 × 47 × 46 × 45 × 44, आणि क्रमाला महत्त्व नाही म्हणून त्याला 720 ने भागायचं. उत्तर 1,39,83,816. म्हणजे एका ओळीला जॅकपॉट लागण्याची शक्यता सुमारे एक कोटी चाळीस लाखांत एक. त्या पहिल्या शनिवारी सात तिकिटं जुळली. 58,74,778 पौंड सात जणांत वाटले गेले, प्रत्येकी 8,39,254.

पैसा कुठे जातो हेही विचारायला हवं, कारण खेळ त्यावरच उभा आहे. सुरुवातीची वाटणी मोटामोटी अशी होती: पौंडातले 50 पेन्स बक्षिसांना, 28 लोकोपयोगी कामांना, 12 सरकारला कर म्हणून, 5 दुकानदाराला आणि 5 चालवणाऱ्या कंपनीला. ती कंपनी आधी कॅमेलॉट होती, 1 फेब्रुवारी 2024 पासून ऑलविन. तिथे जिंकलेल्या रकमेवर आयकर लागत नाही असं कौतुकाने सांगितलं जातं. ते खरं आहे, पण कर प्रत्येक तिकिटातून आधीच कापलेला असतो, हरणाऱ्यांच्याही.

पाच पेन्स दुकानदाराचे म्हटले, त्यांच्यामुळे मला शनिवारची संध्याकाळ अजून आठवते. सोडतीच्या दिवशी साडेसातला विक्री बंद होते. सात वाजल्यापासून रांग दारापर्यंत. लोक हातात छापील कागद घेऊन यायचे, आकड्यांच्या चौकटींवर रेघा मारलेल्या. मी तो यंत्रात सरकवायचे आणि तिकीट बाहेर यायचं. शेकडो कागद डोळ्यांखालून गेल्यावर एक गोष्ट कोणी न सांगता कळली: रेघा वरच्या भागात दाट आणि खाली विरळ. माणसं वाढदिवस निवडतात. 31 च्या पुढे तारीखच नाही, म्हणून 31 च्या पुढचे आकडे ओस. जे वाढदिवस घेत नाहीत ते कागदावर दिसायला बरी नक्षी काढतात, कडा सोडून मधल्या रांगांत.

याची किंमत किती असू शकते ते 14 जानेवारी 1995 ला कळलं. आकडे निघाले 7, 17, 23, 32, 38, 42. जॅकपॉट 1,62,93,830 पौंडांचा, आधीच्या सोडतीतून पुढे आलेला. त्या आठवड्याच्या विक्रीला हिशोबाने पाचेक विजेते निघायला हवे होते. निघाले 133. हे सहाही आकडे कागदाच्या मधल्या उभ्या रांगांत येत होते. प्रत्येकाच्या हाती आले 1,22,510 पौंड. रक्कम लहान नाही, पण आधीच्याच महिन्यात, 10 डिसेंबर 1994 ला, एका एकट्या तिकिटाने 1,78,80,003 पौंड नेले होते. रविवारी आमच्या दुकानात याशिवाय दुसरी चर्चा नव्हती.

कोणालाच सहा आकडे जुळले नाहीत की ती रक्कम पुढच्या सोडतीत जाते. तिला रोलओव्हर म्हणतात. 49 आकड्यांच्या काळात रोलओव्हर क्वचित व्हायचा, आणि झाला की बातमी व्हायची. 6 जानेवारी 1996 ला दोनदा पुढे सरकलेला जॅकपॉट 4,20,08,610 पौंडांवर गेला. त्यात तीन वाटेकरी, प्रत्येकी 1,40,02,870. हा उच्चांक पुढची वीस वर्षं टिकला. या वीस वर्षांत खेळ थांबला नव्हता. फेब्रुवारी 1997 पासून बुधवारची दुसरी सोडत आली, 2002 मध्ये 'लोट्टो' हे नाव आलं, ऑक्टोबर 2013 मध्ये तिकीट एका पौंडाचं दोन पौंड झालं. तरी उच्चांक हलला नाही, कारण विक्री बऱ्यापैकी असेल तर 1 कोटी 40 लाखांतली एक ओळ कोणाकडे तरी सापडतेच.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये आकडे 49 वरून 59 केले. दहा चेंडू वाढले, ऐकायला किरकोळ वाटतं. पण 59 मधून सहा निवडण्याचे प्रकार होतात 4,50,57,474. शक्यता तिपटीहून जास्त अवघड झाली. आता एक हिशोब बघा. समजा एका सोडतीला तीन कोटी ओळी विकल्या गेल्या आणि सगळ्यांनी आकडे स्वैर निवडले. 49 आकडे असताना जॅकपॉट कोणालाच न लागण्याची शक्यता सुमारे 12 टक्के. तेवढ्याच ओळी, पण 59 आकडे: सुमारे 51 टक्के. विक्री कमी असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे पूर्वी अपवाद असलेला रोलओव्हर एका नियमाने रोजचा झाला. कंपनीला जॅकपॉट स्वतःच्या खिशातून वाढवावा लागला नाही. तो कोणालाच लागू नये एवढी सोय पुरेशी होती.

हेतू उघड होता. लोक तीस-चाळीस लाखांच्या जॅकपॉटला सरावले होते, शेजारी युरोमिलियन्सचे, म्हणजे युरोपातले अनेक देश मिळून चालवतात त्या लॉटरीचे, आकडे भलतेच मोठे दिसत होते, आणि पहिल्या पानावर छापून येईल अशी रक्कम हवी होती. ती तीनच महिन्यांत मिळाली. सलग 14 सोडतींत जॅकपॉट पुढे सरकला आणि शनिवार 9 जानेवारी 2016 ला 6,60,70,646 पौंड झाला. तेव्हाच्या कमाल मर्यादेच्या नियमामुळे तो त्या दिवशी वाटला जाणं भाग होतं. आकडे आले 26, 27, 46, 47, 52, 58. सहातले चार 31 च्या पलीकडचे, म्हणजे वाढदिवसवाले आपोआप बाहेर. दोन तिकिटं जुळली, प्रत्येकी 3,30,35,323. लोट्टोचा तो सर्वांत मोठा जॅकपॉट.

या बदलाची जाहिरात 'दोन आकडे जुळले तरी आता एक मोफत ओळ' अशी झाली होती. तीन आकडे जुळण्याची शक्यता 57 मध्ये एक होती ती 97 मध्ये एक झाली, हे मात्र जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नव्हतं. माझा खरा राग इथे आहे. जॅकपॉट तसाही कोणाला लागत नाही. पण अधूनमधून लागणारं छोटं बक्षीसच माणसाला पुढच्या शनिवारी दुकानात आणतं, आणि तेच दुर्मीळ करून, तिकीट दुप्पट महाग करून, मोफत ओळीचं गाजर पुढे धरलं.

मधल्या बक्षिसांचाही एक किस्सा सांगायलाच हवा. 23 मार्च 2016 ला आकडे निघाले 7, 14, 21, 35, 41, 42. सहातले पाच सातच्या पाढ्यातले. पाढा धरून खेळणारे इतके, की 4,082 जणांचे पाच आकडे जुळले. तेव्हा ही बक्षिसं त्या गटातल्या विजेत्यांत समान वाटली जायची. पाच जुळलेल्यांना मिळाले 15 पौंड, आणि चारच जुळलेल्यांना 51. ज्यांचे पाच आकडे जुळले त्यांनी त्या रात्री रकमेकडे किती वेळा बघितलं असेल ते मी कल्पू शकते.

नोव्हेंबर 2018 मध्ये नियम पुन्हा बदलले, आणि हा बदल मला बराचसा प्रामाणिक वाटतो. खालची बक्षिसं निश्चित झाली: तीन जुळले तर 30 पौंड, चारला 140, पाचला 1,750, पाच आणि बोनसला दहा लाख. जॅकपॉट पाचपेक्षा जास्त वेळा पुढे सरकणार नाही हेही ठरलं. पाचव्या रोलओव्हरच्या सोडतीत कोणाचे सहा जुळले नाहीत तर ती रक्कम खालच्या गटांत वाटली जाते. म्हणजे 2016 सारखा सहा कोटींचा डोंगर आता लोट्टोत उभा राहत नाही. तशा रकमा युरोमिलियन्समध्ये दिसतात. ब्रिटनमधलं सर्वांत मोठं बक्षीस, साडेएकोणीस कोटी पौंडांचं, जुलै 2022 मध्ये तिथेच लागलं. पण तिथली शक्यता 13,98,38,160 मध्ये एक.

आता तुमचा भाचा. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि म्हणूनच ते खोडायला अवघड. चार वेळा जॅकपॉट न लागल्यावर 'वाटावाच लागेल' अशी सोडत जवळ आली आहे हे खरं. पैसा कोणाला तरी जाणार हेही खरं. पण त्याच्या ओळीची शक्यता पहिल्या सोडतीला होती तेवढीच, 4,50,57,474 मध्ये एक. सोडतीला कोणतं यंत्र आणि चेंडूंचा कोणता संच वापरायचा हेसुद्धा आयत्या वेळी निवडतात. यंत्रांना नावंही आहेत: आर्थर, गिनेव्हिअर, लान्सलॉट, मर्लिन. चेंडू मोजून, तोलून ठेवलेले असतात आणि स्वतंत्र निरीक्षक समोर असतो. मागच्या चार सोडतींत काय झालं त्याचा या शनिवारच्या चेंडूंशी संबंध जोडणारा एकही दुवा तिथे नाही. दहा ओळींनी शक्यता दहापट झाली, तीही सुमारे 45 लाखांत एक. एक ओळ, आठवड्याला दोन सोडती, असं खेळत राहिलं तर एका जॅकपॉटला सरासरी 4 लाख 33 हजार वर्षं लागतील.

पैशांत सांगायचं तर जॅकपॉट चाळीस लाखांचा धरा. निश्चित बक्षिसांचा, मोफत ओळीचा आणि जॅकपॉटचा वाटा शक्यतेनुसार जोडला, तर दोन पौंडांच्या एका ओळीमागे सरासरी 67 पेन्सच्या आसपास परत येतात. रक्कम खाली वाटली जाण्याची शक्यता असते त्या सोडतीत हा आकडा वर जातो. वर्षातून चारदा खेळायचंच असेल तर त्याने त्या सोडती निवडाव्यात, हे मी आमच्या घरातल्यांनाही सांगते. दर शनिवारी दहा ओळी म्हणजे वर्षाला 1,040 पौंड. तो आकडा त्याला एकदा कागदावर लिहून दाखवा.

आकडे कोणते घ्यावेत? कोणतेही सहा लागण्याची शक्यता सारखीच. पण लागलेच तर किती जणांत वाटावे लागतील ते तुमच्या हातात आहे. वाढदिवस टाळा, पाढे टाळा, कागदावरची नक्षी टाळा. यंत्राला निवडू द्या, त्याला 'लकी डिप' म्हणतात.

आणि एक गोष्ट, जी मला गणितापेक्षा महत्त्वाची वाटते. कायमचे ठरलेले आकडे घेऊ देऊ नका. आमच्या दुकानात जालंधरचे एक बसचालक यायचे. पाच नातवंडं आणि बायको, सहा वाढदिवस, दर शनिवारी तेच. एकदा मी म्हटलं, चाचाजी, हे सगळे 31 च्या आत आहेत, लागले तरी वाटेकरी खूप असतील. ते हसले नाहीत. म्हणाले, 'बेटी, आता बदलता येत नाही. ज्या शनिवारी सोडेन त्याच शनिवारी हे निघाले तर घरी कोणत्या तोंडाने जाऊ?' तापाने फणफणलेले असतानाही एका शनिवारी सात वीसला ते दुकानात आले होते. आकडे एकदा ठरले की खेळणं थांबवायची मुभाच जाते. दर वेळी नवे आकडे घेणाऱ्याला एखादा शनिवार सहज सोडता येतो.

ऑफिसात चारजण मिळून खेळत असतील तर कोणी किती भरले, तिकीट कोणाकडे, आणि एखाद्याने एका आठवड्याचे पैसे दिले नाहीत तर काय, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायला सांगा. छापील तिकीट असेल तर मागे नाव-पत्ता आणि सही, त्याच दिवशी. बक्षीस मागायची मुदत सोडतीपासून 180 दिवस. 8 जून 2012 च्या युरोमिलियन्स सोडतीतलं 6 कोटी 38 लाख पौंडांचं एक तिकीट स्टीव्हनेज-हिचिन परिसरात विकलं गेलं होतं. ते घेऊन कोणीच आलं नाही. डिसेंबरात मुदत संपली आणि रक्कम व्याजासह लोकोपयोगी कामांच्या निधीत जमा झाली. भाच्याकडे जुनी तिकिटं असतील तर त्याला या आठवड्यात कोटाचे खिसे आणि गाडीचा कप्पा एकदा बघायला सांगा. छोटं बक्षीस लागलेलं तिकीट विसरून गेलेली माणसं मी गल्ल्यावर खूप पाहिली आहेत.